मोसंबीची नवती (नवी पालवी) पिवळी निघायलीय, सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारणीनं खरंच फरक पडतो का?

घनसावंगी_मोसंबी

राम राम मंडळी. तीन एकर मोसंबी आहे. न्यूसेलर जात, जंबेरी खुंटावर कलम केलेली, अठरा बाय अठरा फुटांवर लावलेली, सातवं वर्ष चालू आहे. आंबे बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांचा) धरलाय, फळ आता लिंबापेक्षा मोठं झालंय. जमीन वरून काळी दिसते, पण दीड फूट खाली गेलं की पांढरी चुनखडी लागते. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या खालच्या अंगानं जातो, त्यामुळं पाणी बोअरचंच.

मृगाच्या पावसावर जी नवती फुटली ती पिवळीच निघाली, मागच्या वर्षी एवढं नव्हतं. जुनी पानं हिरवीगार आहेत. शेंड्याकडची पिवळट, कुठं कुठं पांढरट, शिरा तेवढ्या हिरव्या. काही झाडांवर पानं बारीक, अरुंद, शेंड्याला गुच्छ केल्यासारखी. फळगळ पण चालू आहे.

दुकानात विचारलं तर एकानं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाशचं विद्राव्य खत) मारा म्हटलं, दुसऱ्यानं ‘ऑल इन वन’ म्हणून एक बाटली दिली. त्या बाटलीवर कुठला घटक किती टक्के ते कुठंच लिहिलेलं नाही, म्हणून अजून फोडली नाही. शेजारचे अण्णा म्हणतात, पानावर मारलेलं सगळं खाली गळतं, झाडाला काही लागत नाही.

माती तपासून आणली आहे. सामू (पीएच) ८.४, मुक्त चुना १३ टक्के, लोह ३.२ पीपीएम, जस्त ०.५ पीपीएम. मजुरी धरून एका फवारणीला बराच खर्च येतो. मारायचं तर काय मारू, कधी मारू, आणि त्यानं होणार काय, हे कुणी नीट सांगेल का?

---

बदनापूर_फळबाग

भाऊ, शासनमान्य ग्रेड २ घ्या, त्या बाटलीच्या नादी लागू नका. ग्रेड १ जमिनीतून द्यायला, ग्रेड २ फवारायला. ग्रेड २ मध्ये लोह २.५, जस्त ३, मॅंगनीज १, तांबं १, बोरॉन ०.५ आणि मॉलिब्डेनम ०.१ टक्के असतं, पॅकिंगवर छापलेलं असतं. पंधरा दिवसांनी दोनदा मारा, बाग हिरवी होते.

---

अंबडचा_बागवान

दादा, फवारणीआधी माती तपासून आणलीत, यानंच निम्मं काम सोपं झालं. मी परभणीला कृषीची पदवी करून घरच्या मोसंबीत उतरलो, आमच्याकडंही हीच पांढरी चुनखडी आहे. बाग तुमच्यासारखीच असल्यामुळं सविस्तर लिहितो.

आधी पान बघा. पिवळं पान जुनं आहे की नवं, यावर पुढचं सगळं ठरतं. नत्र आणि मॅग्नेशियम झाडात फिरतात. कमी पडले की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून जुनं पान आधी पिवळं होतं. मॅग्नेशियमला तर जुन्या पानाच्या देठाकडं हिरवा त्रिकोण तेवढा शिल्लक राहतो आणि बाकीचं पान पिवळं. लोह, जस्त, मॅंगनीज मात्र एका पानात बसले की तिथून फारसे हलत नाहीत. मुळानं नवा पुरवठा केला नाही की नवं पान उपाशीच जन्माला येतं. तुमची जुनी पानं हिरवी आहेत, म्हणजे नत्राची टंचाई नाही. १९:१९:१९ चा खर्च करू नका.

नव्या पानातही दोन दुखणी आहेत. लोह कमी असेल तर पानाचा आकार नेहमीएवढाच राहतो, सगळं पान पिवळं आणि त्यात बारीकातली बारीक शीर हिरवी जाळी होऊन दिसते. जस्त कमी असेल तर पानच लहान आणि टोकदार, कांड्या आखूड, म्हणून शेंड्याला गुच्छ, आणि शिरांच्या मधे पिवळे पट्टे. तुम्ही दोन्ही लिहिलंय आणि तुमचा अहवालही तेच सांगतोय. जस्ताची मर्यादा ०.६ पीपीएम, लोहाची ४.५. दोन्ही खाली आहेत.

तरी सगळ्या बागेवर पंप नेण्याआधी एक फांदी परीक्षा करा. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवा, हातपंपानं एकाच पिवळ्या फांदीवर मारा आणि सुतळी बांधून ठेवा. दुसऱ्या फांदीवर पाच ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विरलेला चुना, गाळून. आठ-दहा दिवसांनी लोहाच्या फांदीचं पान तोडून उन्हाकडं धरून बघा. लोहाचीच कमतरता असेल तर जिथं थेंब बसला तिथं हिरवा ठिपका उमटलेला असतो आणि दोन ठिपक्यांमधली जागा अजून पिवळीच असते. थेंब पानाच्या कडेला ओघळून थांबला असेल तर कडेला हिरवी रेघ असते. अण्णांना ते पान हातात द्या. पानावर पडलेलं पानात शिरतं हे त्यांना दिसेल, आणि थेंबाच्या बाहेर जात नाही हेही दिसेल. फ्रान्समध्ये १८४० च्या दशकात ग्री नावाच्या शास्त्रज्ञानं वेलींच्या पिवळ्या पानांना असंच लोहाचं पाणी लावून हिरवेपणा आणून दाखवला होता. जस्ताचं कोडं कॅलिफोर्नियाच्या बागांमध्ये १९३० च्या दशकात सुटलं. बारीक पानांचा तो रोग जस्त मिळाल्यावर हटला.

आता फवारणीनं काय होतं आणि काय होत नाही. आज जे पान अंगावर आहे ते हिरवं होतं, अन्न तयार करायला लागतं, त्याचा फळाच्या फुगवणीला फायदा होतो. जस्त कमी असलेल्या झाडाची फळं लहान, जाड सालीची आणि कमी रसाची राहतात, तिथं जस्ताच्या फवारणीचा पैसा वसूल होतो. पण पुढची नवती फुटेल तेव्हा तिला आजच्या फवारणीतलं फारसं काही मिळणार नाही. म्हणून वर्षाला एकदा दणकून मारण्यापेक्षा प्रत्येक नवतीला एकदा मारणं कामाचं. वेळ धरायची ती नवतीची पानं पूर्ण आकाराच्या दोन तृतीयांश झाल्यावर. त्याआधी पान इतकं लहान असतं की थेंब बसायला जागा नसते, आणि पान जून झालं की वरचा मेणाचा थर जाड होऊन आत शिरणं कमी होतं.

बदनापूरच्या भाऊंचं ग्रेड २ चुकीचं नाही, बाटलीपेक्षा हजार पटीनं बरं. पण त्यात जस्त ३ टक्के, आणि साध्या झिंक सल्फेटच्या पिशवीत २१ टक्के. टंचाई कशाची ते कळलेलं असताना सहा घटकांचं मिश्रण कशाला घ्यायचं? माझं प्रमाण असं: १०० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम झिंक सल्फेट (२१ टक्केवालं, ३३ टक्केवालं असेल तर ३०० ग्रॅमच्या आसपास) आणि २५० ग्रॅम चुना. चुना रात्री वेगळ्या बादलीत भिजवून निवळी फडक्यातून गाळा. चुना टाळला तर कोवळी पानं करपतात. लोह वेगळ्या दिवशी: ५०० ग्रॅम फेरस सल्फेट, १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. ॲसिड आधी पाण्यात, मग फेरस. त्यानं पाणी हिरवट राहतं. तांबूस झालं म्हणजे लोह गंजलं, ते पानात जाणार नाही. चुना आणि फेरस एका टाकीत कधीच आणू नका. फेरस सल्फेटची पिशवी घेतानाही बघा, दाणे हिरवट असावेत, तपकिरी भुकटी झालेली घेऊ नका. आणि मारायचं सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, उन्हाचा तडाखा नसताना, पान जास्त वेळ ओलं राहिलं पाहिजे. पानाच्या खालच्या बाजूला नोझल गेलाच पाहिजे, मोसंबीची छिद्रं बहुतेक खालीच असतात. फळ रंगायला लागलं की फेरस टाळा, सालीवर डाग पडतात.

आता मूळ दुखण्याकडं. तुमच्या मातीत लोह नाही असं नाही. आपल्या काळ्या मातीत लोह ढिगानं आहे, पण सामू ८.४ आणि चुनखडी असली की ते मुळाला घेता येत नाही अशा रूपात बसून राहतं. त्यात पाऊस जास्त झाला किंवा ठिबक जास्त वेळ चाललं की माती गच्च होते, हवा निघून जाते, बायकार्बोनेट वाढतं आणि पिवळेपणा एकदम उसळतो. मागच्या वर्षी एवढं नव्हतं म्हणता, त्याचं कारण मला यातच दिसतं. ठिबक किती तास चालवता? ड्रीपर खोडापासून किती लांब? पाणी तपासलंय का? हे आधी सांगा.

---

केज_सेंद्रिय

मी फवारणीच्या विरोधात नाही पण एवढं सगळं टाकीत ढवळत बसण्यापेक्षा दोन ओळींच्या मधे ताग किंवा धैंचा पेरून फुलावर यायच्या आत गाडा, शेणखत वाढवा. आमच्याकडं जमीन तीन-चार वर्षांत बदलली. गंधक टाकून चुनखडी मारता येते असंही ऐकलंय.

---

अंबडचा_बागवान

केजचे दादा, तागाबद्दल शंभर टक्के सहमत. सेंद्रिय पदार्थ कुजताना जी आम्लं निघतात ती लोहाला धरून ठेवतात आणि मुळापर्यंत नेतात. पण तीन-चार वर्षं म्हणताय, आणि यांच्या झाडावर आत्ता फळ आहे. तोपर्यंत पान हिरवं ठेवायचं काम फवारणीचं.

गंधकाचा मात्र हिशेब करून बघा. एकराच्या वरच्या सहा इंचांत साधारण ९ लाख किलो माती असते. त्यात १३ टक्के चुना म्हणजे ११७ टन. १०० किलो चुना मारायला ३२ किलो गंधक लागतं, म्हणजे एकरी ३७ टन. हे कुणाला परवडणार, आणि ते करूही नये. पूर्ण शेताची चुनखडी संपवायचा नाद सोडून ड्रीपरखालच्या हातभर जागेपुरतं बघायचं. मी झाडाच्या घेराखाली ड्रीपरच्या जागी छोटे खड्डे घेतो, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडं गंधक आणि फेरस सल्फेट कालवून भरतो. मुळं तिथं जाळं करतात. उकरून बघितलं की बाजूच्या पांढऱ्या मातीत मूळ तांबूस, जाडसर, आणि खड्ड्याच्या शेणखतात पांढरी केसाळ मुळं भरलेली. तेवढीच जागा झाडाला पुरते.

---

घनसावंगी_मोसंबी

काका, फार उपकार झाले. ठिबक रोज तीन तास चालतं, पाऊस पडला तरी सवयीनं चालूच होतं. ड्रीपर खोडापासून एक फुटावर आहेत. पाणी तपासलेलं नाही, पण नळ्यांच्या तोंडाला पांढरा थर धरतो.

चिलेटेड लोह (दुसऱ्या रेणूत पकडून ठेवलेलं) चांगलं असतं म्हणतात, ईडीटीए घेऊ की ईडीडीएचए? आणि दोन गोष्टी राहिल्या. फळगळीचं काय करू? शिवाय पाच-सहा झाडं अशी आहेत की त्यांची एकच फांदी पिवळी आहे, बाकी झाड ठीक.

---

आंबाजोगाई_केसर

दादा, मी मोसंबीवाली नाही, केसरची बाग बघते, पण १३:००:४५ बद्दल इथं सांगून ठेवते, कारण आमच्याकडं आंब्याचं ऐकून लोक सगळ्याच झाडांवर मारायला लागलेत. आंब्यात पोटॅशियम नायट्रेट मोहोर काढायला मारतात. फिलिपिन्सच्या रेमन बार्बा यांनी १९७० च्या दशकात हे शोधलं. आम्ही लिटरला दहा ग्रॅमनं मारतो. पण काडी पक्व असेल तरच. पान मुठीत चुरगाळलं की कडकड तुटलं पाहिजे. पान लवचिक असताना मारलं तर मोहोराऐवजी पालवीच फुटते आणि वर्ष हातचं जातं. म्हणजे एकच पावडर, झाडाची अवस्था बदलली की परिणाम उलटा.

दुसरं, बोरॉन. फुलोऱ्याच्या आधी लिटरला एक ग्रॅमनं आम्ही एकदा देतो, परागनळी वाढायला ते लागतं. पण कमतरता आणि विषबाधा यांच्यातलं अंतर बोरॉनमध्ये फार थोडं आहे. हातानं अंदाजे टाकू नका, वजनकाटा घ्या. जास्त झालं की पानांची टोकं पिवळी होऊन करपतात, आणि ते बघून लोक अजून मायक्रोन्यूट्रियंट मारतात. बागेचं बोरॉन तपासलेलं नसेल तर मोसंबीवर आत्ता त्याची घाई करू नका असं मला वाटतं.

---

अंबडचा_बागवान

ताईंचं बोरॉनबद्दलचं अगदी खरं, दादा, तुमच्या अहवालात बोरॉन नाही, तेव्हा ते आत्ता बाजूलाच ठेवा.

पांढरा थर म्हणजे पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर. उद्यापासून ठिबक बंद, जमीन वाफशावर येईपर्यंत. दोन ओळींमधून पाणी निघायला चर काढा. खोडापासून एक फुटावरचे ड्रीपर आधी लांब न्या. सात वर्षांच्या झाडाची खाणारी मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, खोडाशी नाही. खोडाशी कायम ओल राहिली की फायटोफ्थोरा (मूळ आणि खोड सडवणारा रोग) येतो, डिंक ओघळतो, आणि मुळं सडलेल्या झाडाचंही पान पिवळंच होतं. त्याला कितीही जस्त मारा, काही होणार नाही. पिवळ्या झाडांपैकी एक-दोन झाडांची मुळं उकरून बघाच. बोटात धरून ओढल्यावर साल सुटून आतला दोरा हातात आला तर ते मूळ सडलेलं आहे.

चिलेटचं सोपं आहे. ईडीटीएचं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही, तुमच्या मातीत ते टाकलं की कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि लोह परत बसतं. फवारणीला मात्र ते चालतं. ईडीडीएचए, जे गडद लाल असतं, ते ९ सामूपर्यंतही लोह सोडत नाही, म्हणून ते ठिबकमधून मुळाला द्यायचं. महाग आहे. ते फवारण्यात पैसा घालवू नका. आणि चुनखडीच्या जमिनीत ईडीटीए ओतण्यातही नाही. ठिबकातून द्यायचं तर जमीन वाफशावर आल्यावर, पुढची नवती फुटायच्या तोंडावर द्या.

फळगळीला एकच औषध नाही. तुमच्याकडं मला तीन कारणं दिसतात: गच्च जमीन, उपाशी पान आणि जस्ताची टंचाई. जस्त झाडात ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक तयार व्हायला लागतं, ते कमी पडलं की देठाचा सांधा लवकर सुटतो. पाणी हटवलं आणि जस्त दिलं की बरंच थांबेल. सोबत जिबरेलिक ॲसिड १५ पीपीएम, म्हणजे १०० लिटरला दीड ग्रॅम, आणि एक टक्का युरिया अशी फवारणी चालते. जिबरेलिक थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घ्या, पाण्यात थेट विरघळत नाही. युरियात बाययुरेट असतं आणि लिंबूवर्गीय झाडं त्याला फार नाजूक. पानांची टोकं पिवळी पडतात. त्यामुळं युरिया एका टक्क्याच्या वर नेऊ नका आणि पुन्हा पुन्हा मारू नका. गळालेल्या फळावर टाचणीएवढं भोक आणि भोवती मऊ सडका भाग दिसला तर तो रस शोषणारा पतंग आहे, तो खताचा विषय नाही. गळालेली फळं रोज वेचून बागेबाहेर पुरून टाका.

एकत्र काय काय मिसळायचं नाही तेही लिहितो, कारण नोझल तुंबल्यावर लोक पंपाला दोष देतात. झिंक किंवा फेरस सल्फेटसोबत १२:६१:०० किंवा ००:५२:३४ ही फॉस्फेटची खतं नको, फॉस्फेटशी मिळून गाळ बसतो. कॅल्शियम नायट्रेटसोबत कुठलंही सल्फेट किंवा फॉस्फेट नको. मॅन्कोझेब मारत असाल तर त्यातच मॅंगनीज आणि जस्त असतं, हे पान तपासणीला देताना लक्षात ठेवा, नाहीतर अहवालात जस्त भरपूर दिसेल आणि झाड मात्र उपाशी. लोहाच्या बाबतीत तर पानाच्या आकड्यावर मी कधीच विसंबत नाही, धुळीनंही तो वाढतो. फांदी परीक्षा बरी.

आता ती पाच-सहा झाडं, आणि माझी खरी काळजी तीच आहे. अन्नद्रव्याची कमतरता सहसा एकाच फांदीला येत नाही, पूर्ण झाडाला येते. एकच फांदी पिवळी असेल तर ग्रीनिंगची, म्हणजे लिंबूवर्गीय झाडांच्या जिवाणूजन्य रोगाची, शंका घ्यायची. बघायची पद्धत अशी. त्या फांदीचं पान घ्या, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू एकमेकांशी ताडून बघा. जस्ताच्या कमतरतेत डावी-उजवी बाजू सारखीच पट्टेरी असते. ग्रीनिंगमध्ये डाग वेडेवाकडे, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला वेगळे, शिरा ओलांडून गेलेले. पेनानं एका बाजूच्या पिवळ्या डागाभोवती गोल काढा आणि तोच गोल समोरच्या बाजूला काढून बघा, आत हिरवं आलं की ग्रीनिंगची शंका धरा. त्या फांदीची फळंही एका अंगानं वाकडी आणि लहान राहतात, आतल्या बिया काळपट आणि पोचट. हा रोग सिट्रस सायला नावाची बारीक कीड पसरवते, ती कोवळ्या नवतीवरच बसते. अन्नद्रव्यं मारल्यावर पान थोडं हिरवं झाल्यासारखं दिसतं, पण रोग आत तसाच असतो आणि तेवढ्यात सायला शेजारच्या झाडावर जाते. म्हणून त्या झाडांना फवारणीच्या हिशेबात धरू नका. खुणेची फीत बांधा, पानाचे नमुने बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, ते सांगतील तपासणी कुठं करायची. नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत हा रोग तपासतात. झाड काढायचं की नाही ते अहवालानंतर ठरवा.

२०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जालना-औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) पट्ट्यात किती बागा वाळून गेल्या ते तुम्ही बघितलंच असेल. सात वर्षांचं झाड उभं करायला काय लागतं ते मला माहीत आहे, म्हणून एवढं लिहिलं.

---

घनसावंगी_मोसंबी

काका, ठिबक आजच बंद केलं. सकाळी दोन झाडांची मुळं उकरली, एकाची पांढरी आणि घट्ट आहेत, दुसऱ्याची साल सुटते. एका पिवळ्या फांदीवरची पानं पेनानं आखून बघितली. तीन पानांवर डाग दोन्हीकडं सारखे, दोन पानांवर नाहीत. ती दोन पानं आणि त्या फांदीची दोन फळं पिशवीत घेऊन उद्या बदनापूरला जातो. लोहाची आणि जस्ताची फांदी आज संध्याकाळी मारतो, सुतळी बांधून ठेवली आहे. ताई, तुमचं बोरॉनचंही ध्यानात ठेवलं. साल सुटणाऱ्या मुळाच्या झाडाला खोडावर बोर्डो पेस्ट लावू का, की आधी जमीन वाळू देऊ?

---

अंबडचा_बागवान

आधी खोडाभोवतीची माती मोकळी करून डोळा भरलेली जागा (कलमाचा सांधा) उघडी पाडा, डोळा मातीत गाडला गेला असेल तर निम्मं दुखणं तिथंच आहे. दोन दिवस उघडं राहू द्या, डिंकाची जागा कोयत्यानं खरवडून साफ करा, कोयता प्रत्येक झाडाला धुऊन घ्या, मग १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी अशी पेस्ट लावा, जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत. या झाडाची फळं थोडी कमी करा, सडलेल्या मुळावर तेवढं ओझं नको. फांदीच्या पानांचा फोटो आठ-दहा दिवसांनी इथंच टाका, उन्हाकडं धरून काढा.